सवत, साक्षीदार आणि सातवी आज्ञा

१६३१ साली लंडनमध्ये रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकस या राजमुद्रकांनी इंग्रजी बायबलची एक आवृत्ती काढली. खिळे जुळवताना दशाज्ञांच्या पानावरचा एक शब्द गळला. गळला तो नेमका नकाराचा, आणि तोही व्यभिचाराला मनाई करणाऱ्या आज्ञेतला. देवाने सीनाय पर्वतावरून माणसांना व्यभिचार करायलाच फर्मावले, असे ते पान म्हणू लागले. मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला, प्रती गोळा करून नष्ट करण्यात आल्या. हाती न लागलेल्या मोजक्या प्रती आज ‘दुष्ट बायबल’ या नावाने संग्राहक जिवापाड जपतात.

ही चूक पकडणे सोपे होते, कारण शब्दाची जागा रिकामी दिसत होती. त्याच आज्ञेतला दुसरा शब्द मात्र प्रत्येक शुद्ध प्रतीत जागच्या जागी असूनही वाचकाला चकवतो. तो शब्द म्हणजे व्यभिचार.

मूळ हिब्रूत ही आज्ञा अवघी दोन शब्दांची आहे. तिच्या क्रमांकावरही एकमत नाही. ज्यू आणि बहुतेक प्रॉटेस्टंट परंपरांत ती सातवी, तर कॅथलिक आणि लुथरन परंपरांत सहावी. वसईच्या कॅथलिक घरात जिला सहावी आज्ञा म्हणतात, तीच नगरकडच्या प्रॉटेस्टंट घरात सातवी असते. क्रमांकाने काही बिघडत नाही, अर्थाने बिघडते. आजचा वाचक ‘व्यभिचार’ म्हणताना नवऱ्याने किंवा बायकोने जोडीदाराशी केलेली प्रतारणा मनात धरतो. मोशेच्या नियमशास्त्रात या शब्दाची हद्द निराळी आहे, आणि ती ओळखल्याशिवाय पुढचे कोडे सुटत नाही. ज्या ग्रंथात व्यभिचाराला मृत्युदंड सांगितला आहे, त्याच ग्रंथात याकोबाला चार स्त्रियांपासून मुले झाली आणि त्याला कोणी व्यभिचारी म्हटले नाही. हे कसे?

या प्रश्नावर दोन ठरलेली उत्तरे मिळतात. टीकाकार म्हणतो, हा उघड दुटप्पीपणा आहे. श्रद्धाळू समर्थक म्हणतो, देवाने त्या काळापुरती सूट दिली होती. दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात: बहुपत्नीत्व आणि व्यभिचार एकाच तराजूत तोलायच्या वस्तू आहेत. नियमशास्त्रात त्यांचे खाते वेगवेगळे होते. एक घरातल्या वाटणीचा विषय, दुसरा दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा. ही दोन खाती एकत्र कशी आली, कोणी आणली आणि त्याला किती शतके लागली, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

बायबलमध्ये दोन बायका करणारा पहिला पुरुष म्हणजे लामेख. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात आदा आणि सिल्ला या आपल्या बायकांना जवळ बोलावून तो आपण केलेल्या हत्येची आणि सूडाची बढाई मारतो. पुढे अब्राहाम येतो. मूल होत नाही म्हणून साराच आपली मिसरी दासी हागार त्याच्या हवाली करते, आणि हागारेला दिवस जाताच दोघींचे बिनसते. याकोबाला राहेल हवी होती. मामाने आधी लेआ गळ्यात बांधली. मग दोघी बहिणींच्या चढाओढीत बिल्हा आणि जिल्पा या दासी ओढल्या गेल्या. बारा मुलगे आणि दीना नावाची मुलगी या चौघींच्या पोटी जन्मली. इस्राएलाच्या बारा वंशांची उभारणीच अशा घरात झाली.

पुढे शास्ते आणि राजे यांच्या काळात आकडे फुगतात. गिदोनाला पुष्कळ बायका आणि सत्तर मुलगे. दावीदाच्या बायकांची नावे मोजायला दोन हातांची बोटे लागतात. शलमोनाच्या ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी, तर त्याचा मुलगा रहबाम १८ बायका आणि ६० उपपत्नींवर थांबतो. शलमोनाला ग्रंथकार दोष देतो, पण तो आकड्यासाठी नाही. परक्या देशांतल्या राण्यांनी त्याचे मन त्यांच्या देवांकडे वळवले, हा त्याच्यावरचा ठपका आहे.

नियमशास्त्र बहुपत्नीत्वाची आज्ञा करत नाही आणि ते बंदही करत नाही. त्यात आहे ती हिशेबाची तरतूद. निर्गमाच्या २१व्या अध्यायात दासी म्हणून आणलेल्या बायकोवर दुसरी केली, तर पहिलीचे अन्न, वस्त्र आणि शय्यासुख यांत कपात करता येणार नाही, केली तर ती पैसे न देता मोकळी, असे सांगितले आहे. लेवीयाच्या १८व्या अध्यायात बायको जिवंत असताना तिच्या बहिणीला तिची सवत म्हणून आणायला मनाई आहे. याकोबाने नेमके तेच केले होते. इस्राएलाच्या मूळ पुरुषाचा संसार त्याच्याच वंशजांच्या कायद्यात बसत नाही. अनुवाद या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात राजाने पुष्कळ बायका करू नयेत असा इशारा आहे. पुष्कळ म्हणजे किती, हे तिथे सांगितलेले नाही. पुढे मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहाने ती मर्यादा अठरावर नेऊन ठेवली.

या सगळ्यांत मराठी वाचकाला सर्वांत ओळखीचा वाटेल असा नियम अनुवादाच्या २१व्या अध्यायात आहे. एका माणसाला दोन बायका, एक आवडती आणि एक नावडती. पहिला मुलगा नावडतीला झाला, तरी बापाने मृत्युपत्राच्या वेळी आवडतीच्या मुलाला ज्येष्ठ ठरवायचे नाही. ज्येष्ठाचा दुप्पट वाटा नावडतीच्या मुलालाच. आपल्या कहाण्यांत नावडती राणी गोठ्यात राहते आणि शेवटी देव तिच्या पाठीशी उभा राहतो. नावडतीचे मीठ अळणी, हे इस्राएलाच्या कायदेकारालाही ठाऊक होते. मीठ गोड करून देणे त्याच्या हातात नव्हते. जमिनीचा वाटा तेवढा त्याने राखला.

आता व्यभिचाराचे खाते. लेवीयाचा २०वा आणि अनुवादाचा २२वा अध्याय सांगतो की दुसऱ्याच्या बायकोशी संग करणारा पुरुष आणि ती स्त्री, दोघांनाही मृत्युदंड. वाग्दत्त मुलगीही बायकोच धरली जाते. मात्र तिच्याबाबत कायदा एक प्रश्न विचारतो. प्रकार गावात घडला की शेतात? गावात ओरडली असती तर कोणीतरी धावून आले असते, म्हणून दोघेही दोषी. शेतात तिचा आवाज ऐकणारे कोणी नव्हते, म्हणून ती निर्दोष आणि फक्त पुरुषाला शिक्षा. कोणाशीच लग्न न ठरलेल्या मुलीवर जबरदस्ती केली, तर पुरुषाने तिच्या बापाला ५० शेकेल रुपे द्यायचे, तिच्याशी लग्न करायचे आणि तिला कधी सोडायचे नाही. दुसऱ्याला नेमून दिलेल्या पण अजून मोकळी न झालेल्या दासीशी संग केला, तर कोणाचाच जीव जात नाही. पुरुषाने दोषार्पणासाठी एक मेंढा आणायचा.

कृती एकच आणि शिक्षा चार. बदलले ते फक्त स्त्रीचे स्थान: बायको, वाग्दत्ता, कुमारी, दासी. पुरुष विवाहित आहे की अविवाहित, हे एकाही कलमात विचारलेले नाही. चार बायकांचा नवरा आणि ब्रह्मचारी तरुण या कायद्यापुढे सारखेच उभे राहतात. म्हणूनच याकोब व्यभिचारी ठरत नाही. त्याच्या चौघी त्याच्याच होत्या. आजच्या वाचकाला खटकते ते इथेच, आणि खटकायलाच हवे. पण खटकण्याआधी मोजपट्टी कोणती होती हे दिसले पाहिजे. प्रश्न ‘कोणाशी दगा झाला’ असा नव्हता, ‘ती कोणाची’ असा होता.

अशी मोजपट्टी का? जमीन बापाकडून मुलाकडे जात होती आणि मूल आपलेच आहे याची खात्री करायला दुसरे साधन नव्हते, हे एक कारण. नि:संतान मेलेल्या भावाच्या विधवेशी दिराने लग्न करून त्याचे नाव चालवायचे, हा अनुवादाच्या २५व्या अध्यायातला नियम त्याच चिंतेतून आला. आपल्या धर्मशास्त्रातल्या नियोगाशी त्याचे नाते दूरचे, पण ओळखू येण्यासारखे आहे. दिराला आधीची बायको आहे का, हे तिथेही कोणी विचारत नाही.

एवढ्यावरून बायको म्हणजे निव्वळ मालमत्ता होती असा निष्कर्ष काढायची घाई होते. शेजारच्या कायद्यांशी तुलना केली की चित्र गुंतागुंतीचे होते. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातल्या हम्मुराबीच्या संहितेचा शिलास्तंभ १९०१-०२ मध्ये इराणमधल्या सुसा येथे सापडला आणि आता तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातले १२९वे कलम सांगते की परपुरुषाबरोबर सापडलेली बायको आणि तो पुरुष यांना बांधून पाण्यात टाकावे. पण नवऱ्याने बायकोला जगू दिले, तर राजानेही त्या पुरुषाला जगू द्यावे. मध्य-अश्शूरी कायद्यात नवऱ्याने बायकोला मारले तर पुरुषालाही मारायचे, तिचे नाक कापले तर त्याला षंढ करायचे, तिला सोडले तर त्यालाही सोडायचे. हित्ती कायद्यातही माफीचा हक्क नवऱ्याकडेच आहे. गाव आणि शेत यांच्यासारखा डोंगर आणि घर असा भेदही तिथे आढळतो.

मोशेच्या कायद्यात नवऱ्याच्या माफीचे कलमच नाही. मोशे ग्रीनबर्ग या अभ्यासकाने १९६० साली यावर बोट ठेवले. नवऱ्याला माफ करता येत नाही, कारण गुन्हा त्याच्या एकट्याविरुद्ध नाही, देवाविरुद्ध आहे, असा त्यांचा युक्तिवाद. आपला धनी पोटीफर याच्या बायकोला नकार देताना योसेफ आधी धन्याच्या विश्वासाची गोष्ट काढतो आणि शेवटी देवाविरुद्धच्या पापाची, ते याच समजुतीतून. इतर अभ्यासकांनी नीतिसूत्रांचा सहावा अध्याय पुढे केला. तिथे चिडलेला नवरा कितीही भरपाई दिली तरी ऐकणार नाही असे बजावले आहे. म्हणजे भरपाई देऊन प्रकरण मिटवण्याचा प्रयत्न होत असणार. कायद्याचा कागद आणि गावातला व्यवहार यांच्यात तेव्हाही अंतर होते.

हे अंतर किती, याचा अंदाज एका गोष्टीवरून येतो. हिब्रू बायबलच्या कथाभागात व्यभिचारासाठी न्यायसभेने कोणाला मृत्युदंड दिल्याचा आणि तो अमलात आल्याचा एकही प्रसंग नाही. त्यासाठी दोन साक्षीदार लागत, आणि असा प्रकार दोन साक्षीदारांपुढे सहसा घडत नाही. खोट्या साक्षीलाही दंड होता: साक्षीदाराने दुसऱ्यावर आणू पाहिलेली शिक्षा त्याच्यावरच उलटायची. कॅथलिक बायबलात दानिएलाच्या पुस्तकात समाविष्ट असलेली सुसन्नेची कथा याच कलमावर उभी आहे. दोन वडीलधारे तिच्यावर आळ घेतात. तरुण दानिएल त्यांना वेगवेगळे करून विचारतो, ती दोघे कोणत्या झाडाखाली होती? दोघे दोन वेगळ्या झाडांची नावे सांगतात आणि स्वतःच मरणाला सामोरे जातात.

साक्षीदार नसेल आणि नवऱ्याच्या मनात संशय घर करून बसला असेल तर? गणनेच्या पाचव्या अध्यायातला विधी त्यासाठी आहे. नवऱ्याने बायकोला याजकाकडे न्यायचे. याजक मातीच्या भांड्यात पवित्र पाणी घेतो, त्यात निवासमंडपाच्या जमिनीवरची धूळ टाकतो, शाप लिहून ती शाई त्याच पाण्यात धुतो. स्त्रीचे केस मोकळे सोडले जातात आणि ते कडू पाणी तिला प्यायला देतात. दोषी असेल तर पोट फुगेल; निर्दोष असेल तर तिला काही होणार नाही आणि मूलही होईल. नवऱ्यावरच्या संशयासाठी असा कोणताही विधी नाही. तरीही हम्मुराबीच्या १३२व्या कलमाशेजारी तो ठेवून पाहावा. लोकांनी बोट दाखवलेल्या बायकोला तिथे नवऱ्यासाठी नदीत उडी घ्यावी लागे. नदी बुडवते, धूळ आणि शाईचे पाणी सहसा कोणाला मारत नाही. अपमान मात्र पुरता होता, आणि तो एकट्या स्त्रीचा होता.

पहिल्या शतकात अदियाबेनेची राणी हेलेना हिने यरुशलेमच्या मंदिराला सोन्याची पाटी भेट दिली होती आणि तिच्यावर हाच उतारा कोरलेला होता, असे मिश्ना सांगते. त्याच मिश्नात पुढची नोंद आहे: व्यभिचारी वाढले तेव्हा कडू पाणी बंद पडले, आणि ते रब्बान योहानान बेन झक्काई यांनी बंद केले. आधार घेतला होशेय संदेष्ट्याचा. पुरुषच वेश्यांकडे जात असताना मुलीसुनांना शासन कशाला करू, असा देवाचा सवाल होशेयाच्या चौथ्या अध्यायात आहे. मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ असलेल्या तालमूदने तो धागा पुढे नेला. नवरा स्वतः दोषमुक्त असेल तरच ते पाणी बायकोची परीक्षा करते. एकतर्फी कायद्यात दुसरी बाजू अशी एका अटीच्या वाटेने शिरली.

बायबलच्या कथा बायबलच्या कायद्याशी वाद घालतात, हे ध्यानात ठेवल्याशिवाय हा विषय हाती लागत नाही. याकोबाचा मुलगा यहूदा आपल्या विधवा सुनेला, तामारेला, तिसरा मुलगा देण्याचे टाळतो. ती बुरखा घेऊन वाटेवर बसते. तो तिला वेश्या समजून जवळ करतो आणि तारण म्हणून मुद्रा, गोफ आणि काठी ठेवून जातो. तिला दिवस गेल्याचे कळताच तिला जाळायचा हुकूम तोच सोडतो. ती तारण पुढे करते. आपल्यापेक्षा ती अधिक न्यायी आहे, हे कबूल करण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही. वेश्येकडे गेलेल्या यहूदाला कायद्याने काहीच झाले नसते; त्याचा न्याय कथेने केला.

दावीदाची गोष्ट याहून तिखट आहे. उरीया रणांगणावर असताना राजा त्याच्या बायकोला, बथशेबेला, वाड्यात बोलावतो, आणि ती गरोदर राहिल्यावर उरीयाला मारवतो. नाथान संदेष्टा त्याला एका श्रीमंताची गोष्ट सांगतो. त्याच्याकडे मेंढरांचे कळप असूनही त्याने पाहुण्यासाठी गरिबाची एकुलती एक मेंढी कापली. दावीद संतापून त्या श्रीमंताला मरणास पात्र ठरवतो, आणि तो माणूस तूच आहेस हे ऐकतो. या दृष्टांतात बायको ही मेंढीच आहे. श्रीमंताचे कळप म्हणजे राजाच्या अनेक राण्या, आणि त्यांच्याबद्दल तक्रार नाही. उलट तुझ्या धन्याच्या स्त्रिया मीच तुला दिल्या, असे देव म्हणतो. लेवीयाच्या कलमाप्रमाणे दावीद आणि बथशेबा दोघांचा जीव जायला हवा होता. जातो तो त्यांच्या बाळाचा. पुढे बंडखोर मुलगा अबशालोम बापाच्या दहा उपपत्नींना छतावर, सगळ्यांच्या देखत भ्रष्ट करतो. राज्य परत मिळाल्यावर दावीद त्या दहा जणींना एका घरात ठेवतो, खायला घालतो आणि त्यांच्याकडे पुन्हा जात नाही. त्या मरेपर्यंत विधवेसारख्या कोंडून राहिल्या, एवढे एक वाक्य ग्रंथकाराने त्यांच्यासाठी खर्च केले आहे. गुन्हा दावीदाचा होता. शिक्षा कोणी भोगली, हे त्या वाक्याने न बोलता नोंदवून ठेवले.

इसवी सनाच्या उंबरठ्यावर मोजपट्टी हलू लागते. मृत समुद्राकाठच्या पंथीयांचा ‘दमास्कस दस्तऐवज’ कैरोच्या सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांत सापडला आणि सॉलोमन शेक्टर यांनी तो १९१० साली छापला. नंतर कुमरानच्या गुहांतही त्याचे तुकडे मिळाले. हयातीत दोन बायका करणे म्हणजे व्यभिचाराच्या जाळ्यात सापडणे, असे तो म्हणतो. पुरावे असे: देवाने आरंभी एक नर आणि एक मादी निर्माण केली, नोहाच्या तारवात प्राणी जोडीजोडीने गेले. मग दावीदाचे काय? त्याच्या काळी नियमशास्त्राची पोथी मोहरबंद होती, त्याने ती वाचलीच नव्हती, असे उत्तर तयार आहे.

कुमरानपासून काही तासांच्या वाटेवर व्यवहार निराळा होता. १९६१ साली यिगाएल यादीन यांच्या पथकाला मृत समुद्राजवळच्या एका गुहेत चामडी थैली सापडली. बाबाथा नावाच्या ज्यू स्त्रीचे ३५ कागद तिच्यात होते. तिच्या दुसऱ्या नवऱ्याला, एन-गेदीच्या यहूदाला, मिर्याम नावाची बायको आधीपासून होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो मेल्यावर खजुराच्या बागांवरून आणि घरातल्या मालावरून दोघी एकमेकींना रोमन अधिकाऱ्यापुढे खेचतात. १३१ सालच्या त्या कागदात यहूदाचा उल्लेख दोघींचा नवरा म्हणून येतो. हेरोद राजाला दहा बायका होत्या हे इतिहासाला ठाऊकच होते. राजवाड्याबाहेर, शेतीवाडी असलेल्या मध्यम घरातही सवती नांदत होत्या, हे या थैलीने दाखवले.

त्याआधी, पहिल्या शतकात, येशूचे वचन येते. मार्काच्या दहाव्या अध्यायात परूशी या ज्यू पंथाचे लोक त्याला सूटपत्राबद्दल विचारतात. मोशेने ती सवलत तुमच्या कठोर मनामुळे दिली, असे म्हणून तो उत्पत्तीच्या पहिल्या जोडप्याकडे जातो. कुमरानच्या पंथीयांनी धरलेली वाट तीच. मग शिष्यांना सांगतो की बायकोला टाकून दुसरी करणारा पुरुष पहिलीविरुद्ध व्यभिचार करतो. सगळा पालट ‘तिच्याविरुद्ध’ या शब्दात आहे. नियमशास्त्रात पुरुष दुसऱ्या पुरुषाविरुद्ध व्यभिचार करू शकत होता. इथे तो स्वतःच्या बायकोविरुद्ध करू शकतो. एकदा हे मान्य झाले की पहिली जिवंत असताना दुसरी करणेही त्याच खात्यात पडते.

योहानाच्या आठव्या अध्यायातली, धोंडमार होऊ घातलेल्या स्त्रीची गोष्ट सर्वांच्या ओळखीची आहे. चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस या महत्त्वाच्या हस्तलिखितांत ती नाही, आणि ती शुभवर्तमानात मागाहून आली असे बहुतेक विद्वान मानतात. पण लेवीयाचे कलम माहीत असलेल्या वाचकाला तिच्यात पहिल्यांदा एक उणीव दिसते. स्त्री प्रत्यक्ष कर्म करताना धरली गेली असे शास्त्री म्हणतात. कायद्याने दोघांना शिक्षा सांगितली आहे. मग पुरुष कुठे आहे?

मोजपट्टी बदलली, तरी जुनी लगेच टाकून दिली गेली नाही. ३९३ साली सम्राट थिओडोसियसने ज्यूंना एकाच वेळी अनेक लग्ने करण्यास मनाई केली. ज्यू समाजातून आलेली मोठी बंदी सुमारे १००० सालची, माइन्झचे रब्बेनू गेर्शोम यांच्या नावाने ओळखली जाणारी. त्याच नावावर दुसरी बंदीही आहे: बायकोच्या संमतीशिवाय तिला सूटपत्र देता येणार नाही. दुसरीशिवाय पहिली पोकळ ठरली असती; सवत आणता येत नाही म्हणून नवऱ्याने पहिलीलाच बाहेर काढले असते. ही बंदी युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपुरती होती. येमेनमधले ज्यू विसाव्या शतकातही दोन बायका करत, आणि इस्रायलमध्ये आल्यावर आधीच झालेली त्यांची लग्ने मोडली गेली नाहीत.

ख्रिस्ती युरोपात कुलपुरुषांचे उदाहरण अडचणीच्या वेळी पुन्हा पुन्हा वर आले. १५३९च्या डिसेंबरात हेस्सेचा सरदार फिलिप याला पहिली बायको असताना दुसरी करायची होती. ल्यूथर, मेलांक्थॉन आणि बुत्सर यांनी गुप्ततेच्या अटीवर नाइलाजाने होकार दिला. १५४०च्या मार्चमध्ये लग्न झाले, बातमी फुटली आणि धर्मसुधारणेच्या चळवळीची मोठी नाचक्की झाली. त्याआधी १५३४ मध्ये म्यून्स्टर शहरात यान व्हान लायडनच्या पंथाने अब्राहामाचा दाखला देऊन बहुपत्नीत्व सुरू केले होते. अमेरिकेत मॉर्मन पंथाने १८५२ मध्ये ते उघडपणे जाहीर केले. १८७९ मध्ये रेनॉल्ड्स खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने धर्माचे कारण फेटाळले, आणि धर्माच्या नावावर काय काय चालू देता येणार नाही हे सांगताना नवऱ्याच्या चितेवर जळणाऱ्या विधवेचे उदाहरण घेतले. १८९० मध्ये पंथाने माघार घेतली.

आफ्रिकेत मिशनऱ्यांपुढे प्रश्न उलटा आला. तीन बायकांचा नवरा बाप्तिस्मा मागतो. त्याने दोघींना हाकलून द्यायचे का? अँग्लिकन बिशपांच्या १८८८च्या लँबेथ परिषदेने अशा पुरुषाला बाप्तिस्मा नाकारला. बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच परिषदेने पुढे आणखी लग्न न करण्याच्या अटीवर तो देऊ केला. टाकलेल्या बायकांवर येणारी परवड लक्षात घेऊन त्यांना सोडण्याची सक्ती करू नये, असेही ठरवले. निर्गमाच्या २१व्या अध्यायातली अन्नवस्त्राची चिंता नव्या वेशात परतली होती.

भारतातल्या कायद्याशी या विषयाचे नाते शोधायला फार लांब जावे लागत नाही. १८६०च्या भारतीय दंड संहितेचे ४९७वे कलम म्हणत होते की दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार. अविवाहित स्त्रीशी किंवा विधवेशी संबंध ठेवणाऱ्या विवाहित पुरुषाला हे कलम लागू नव्हते. स्त्रीला शिक्षा नाही हा फरक मोठा आहे, आणि नवऱ्याची संमती हम्मुराबीच्या अधिक जवळची. पण ‘ती कोणाची’ ही मोजपट्टी जुनीच. मुंबई राज्याविरुद्धच्या १९५४च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम टिकवले आणि २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९च्या घटस्फोट कायद्यातही नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरेसा होता; बायकोला नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याला क्रूरतेची किंवा तशाच दुसऱ्या कारणाची जोड द्यावी लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो भेद अमान्य केला आणि २००१च्या दुरुस्तीने तो कायद्यातून गेला. मार्काच्या दहाव्या अध्यायातला ‘तिच्याविरुद्ध’ हा शब्द ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यात पोचायला एवढा वेळ लागला.

मूळ वचने वाचताना मराठी वाचकाच्या हाताशी एक सोय आहे. हिब्रूत एका नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला ‘त्सारा’ म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे संकट. इंग्रजीला इथे प्रतिस्पर्धी किंवा दुसरी बायको असे काहीतरी जुळवून घ्यावे लागते. मराठीत ‘सवत’ म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आरंभ याच शब्दाच्या सावलीत होतो. एलकानाच्या दोन बायका. पनिन्नेला मुले आहेत, हन्नेला नाहीत. दरवर्षी हे कुटुंब यज्ञासाठी शिलोला जाते आणि एलकाना मांसाचे वाटे करतो: पनिन्नेला आणि तिच्या प्रत्येक मुलाला एकेक, हन्नेला खास वेगळा, कारण तिच्यावर त्याचा जीव आहे. अन्नात कपात नाही, वस्त्रात नाही, प्रेमातही नाही. नियमशास्त्राच्या कोणत्याही कलमात एलकाना चुकत नाही. पनिन्ना मात्र दरवर्षी टोचून बोलते आणि हन्ना रडते, जेवत नाही. दहा मुलांपेक्षा मी तुला अधिक नाही का, असे एलकाना तिला विचारतो. हन्नेने त्याला काय उत्तर दिले, हे ग्रंथात नाही. जेवणे आटोपल्यावर ती उठते आणि एकटीच मंदिराच्या दिशेने चालू लागते.